उंची, प्रमाण आणि निवड : १९८४ सालच्या एका निर्णयाची चिकित्सा

१

अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉलच्या इतिहासात १९ जून १९८४ या दिवसाचा उल्लेख बहुधा उपहासानेच केला जातो. त्या दिवशी न्यूयॉर्क येथे खेळाडूंची वार्षिक निवडसभा भरली होती. या सभेस तिकडे 'ड्राफ्ट' अशी संज्ञा आहे. तीत पोर्टलंडच्या संघाने दुसऱ्या क्रमांकाने केंटकी विद्यापीठाचा सात फूट एक इंच उंचीचा सॅम बोवी हा खेळाडू निवडला. आणि लगेच तिसऱ्या क्रमांकाने शिकागोच्या संघाने नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचा मायकेल जॉर्डन निवडला. पुढे जॉर्डनच्या संघाने १९९१ ते १९९३ आणि १९९६ ते १९९८ अशी सहा अजिंक्यपदे मिळविली. बोवी मात्र पोर्टलंडकडून पाच हंगामांच्या अवधीत अवघे १३९ सामने खेळू शकला. एवढे सांगितले म्हणजे पोर्टलंडच्या निर्णयाचा निकाल लागला, असे सामान्यतः समजण्यात येते.

परंतु फळ पाहून कारणाची परीक्षा करणे ही इतिहासाची रीत नव्हे. इतिहासकाराने विचारावयाचा प्रश्न असा, की त्या दिवशी निर्णय घेणाऱ्यांस काय ज्ञात होते, ते कोणत्या साधनांनी ज्ञात झाले होते, आणि त्या साधनांवर त्यांनी किती भार टाकला. भाषेच्या अभ्यासकाने या प्रश्नात लक्ष घालावे याला एक कारण आहे. 'मा' म्हणजे मोजणे या धातूपासून सिद्ध झालेला 'प्रमाण' हा शब्द आपल्याकडे मोजमाप आणि ज्ञानाचे साधन अशा दोन्ही अर्थांनी वापरला जातो. सात फूट एक इंच हे एक प्रमाण आहे. पण ते कशाचे प्रमाण आहे, हा प्रश्न त्याने सुटत नाही. न्यायशास्त्राने प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशी चार प्रमाणे मानली आहेत. एखाद्या उंच महाविद्यालयीन खेळाडूचे मूल्यमापन करणारी मंडळी, नावे ठाऊक नसली तरी, याच चार साधनांचा आश्रय करीत असतात. प्रस्तुत लेखात १९८४ चा निर्णय या चौकटीत तपासून पाहावयाचा आहे.

प्रथम या पद्धतीची थोडी ओळख करून देणे अवश्य आहे. ड्राफ्टची प्रथा १९४७ साली सुरू झाली. मागील हंगामात जो संघ तळाशी राहिला त्याला नव्या खेळाडूंतून निवड करण्याचा अग्रहक्क मिळावा, आणि त्यायोगे संघांच्या बळात समतोल राहावा, हा तिचा हेतू. कोणत्या संघाकडे जावे हे ठरविण्याचे स्वातंत्र्य खेळाडूस नसते. १९८४ पर्यंत पूर्व व पश्चिम या दोन विभागांतील तळाच्या संघांमध्ये नाणेफेक होऊन पहिला हक्क ठरत असे; १९८५ पासून तिच्या जागी सोडत आली. १९८४ साली पश्चिमेकडून ह्यूस्टनचा संघ तळाशी होता. पूर्वेकडील इंडियानाच्या संघाने आपला हक्क १९८१ मध्येच एका खेळाडूच्या मोबदल्यात पोर्टलंडला देऊन टाकला होता. त्यामुळे ८२ पैकी ४८ सामने जिंकलेला पोर्टलंडसारखा बरा संघ नाणेफेकीस उभा राहिला. ती ह्यूस्टनने जिंकली, आणि नायजेरियातील लागोस येथून येऊन ह्यूस्टन विद्यापीठात खेळलेला सात फुटी ओलाजुवॉन हा खेळाडू घेतला. पोर्टलंडपुढे बोवी आणि जॉर्डन उरले.

२

पोर्टलंडचा पहिला आधार अनुमानाचा होता. हे अनुमान एका दिवसात तयार झालेले नव्हते. त्यामागे जवळजवळ चार दशकांचा इतिहास होता.

जेम्स नायस्मिथ यांनी १८९१ साली मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथे हा खेळ निर्माण केला, तेव्हा टोपली दहा फुटांवर टांगली गेली आणि ती आजतागायत तेथेच आहे. टोपली स्थिर राहिली आणि खेळाडू उंच होत गेले, ही या खेळाच्या इतिहासातील मूळ घटना होय. तथापि उंच माणूस म्हणजे बोजड माणूस, अशी समजूत प्रारंभी दृढ होती. सहा फूट दहा इंच उंचीचा, चष्मा लावणारा जॉर्ज मायकन जेव्हा शिकागोच्या डीपॉल विद्यापीठात आला, तेव्हा त्याचे प्रशिक्षक रे मायर यांनी त्याला दोरीवरच्या उड्या, मुष्टियुद्ध आणि नृत्य यांचे धडे दिले. उंची ही निसर्गाची देणगी असली तरी तिचा उपयोग ही शिकण्याची गोष्ट आहे, हे मायर यांनी ओळखले होते. पुढे मायकनच्या मिनीॲपोलिस संघाने १९४९ ते १९५४ या सहा वर्षांत पाच अजिंक्यपदे मिळविली.

उंचीचा धाक किती वाढला होता याची सर्वांत विश्वसनीय साक्ष खेळाच्या नियमांतच सापडते. टोपलीकडे खाली येणारा चेंडू अडविण्यास महाविद्यालयीन खेळात १९४४ साली बंदी झाली, ती मायकन आणि ओक्लाहोमाचा बॉब कर्लंड यांच्यासारख्यांमुळे. टोपलीपुढची प्रतिबंधित पट्टी व्यावसायिक खेळात १९५१ मध्ये सहा फुटांवरून बारा फूट करण्यात आली, ती मायकनमुळे. ल्यू अल्सिंडर, म्हणजेच पुढचा करीम अब्दुल-जब्बार, महाविद्यालयात असताना चेंडू वरून टोपलीत दाबण्यास १९६७ मध्ये बंदी आली आणि ती १९७६ पर्यंत टिकली. ज्याच्याविरुद्ध नियम करावे लागतात ते सामर्थ्य खरे, असा तर्क कोणीही करील.

त्याला अजिंक्यपदांच्या यादीचा दुजोरा होता. १९५६ च्या ड्राफ्टमध्ये रॉचेस्टरच्या संघाने बिल रसेल यास सोडले. सेंट लुईसने दुसऱ्या क्रमांकाने घेतलेला त्याच्यावरील हक्क बॉस्टनने दोन खेळाडू देऊन मिळविला, आणि रसेलच्या तेरा हंगामांत बॉस्टनने अकरा अजिंक्यपदे जिंकली. १९७७ मध्ये खुद्द पोर्टलंड जिंकले, ते बिल वॉल्टनच्या बळावर. १९८० व १९८२ मध्ये लॉस एंजेलिस, ते अब्दुल-जब्बारसह. १९८३ मध्ये फिलाडेल्फिया, ते मोझेस मलोनसह. १९८१ मध्ये, आणि निवडसभेच्या आठवडाभर आधी संपलेल्या १९८४ च्या हंगामात बॉस्टन, ते रॉबर्ट पॅरिशसह. जेथे जेथे अजिंक्यपद तेथे तेथे समर्थ सेंटर, अशी व्याप्ती यावरून बांधली गेली.

येथे तर्कसंग्रह शिकलेल्या कोणाही विद्यार्थ्यास एक शंका सुचेल. धुरावरून अग्नीचे अनुमान होते. परंतु अग्नीवरून धुराचे होत नाही, कारण तापलेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असून धूर नसतो. अजिंक्यपदावरून उंच सेंटरचे अनुमान एक वेळ मान्य केले, तरी उंच सेंटरवरून अजिंक्यपदाचे अनुमान करणे हा व्याप्तीचा विपर्यास होय. ओले जळण असेल तरच अग्नीतून धूर निघतो. या अटीला शास्त्रात 'उपाधी' म्हणतात. उंचीपासून यश निपजण्याला तशाच उपाधी आहेत. पायांची धडधाकट अवस्था, शिकून घेतलेले कौशल्य आणि जोडीदारांची साथ या त्यांतील प्रमुख.

ही शंका आज, निकाल ठाऊक झाल्यावर काढलेली नाही. तिचे पुरावे १९८४ पूर्वीच उपलब्ध होते, आणि त्यांतील दोन तर पोर्टलंडच्याच दप्तरात होते. १९७२ मध्ये याच संघाने पहिल्या क्रमांकाने सहा फूट अकरा इंचांचा लारू मार्टिन निवडला होता. तो चार हंगामांत निवृत्त झाला, आणि त्याच्यामागून निवडला गेलेला बॉब मॅकाडू मोठ्या कीर्तीस चढला. १९७४ मध्ये निवडलेल्या वॉल्टनने अजिंक्यपद मिळवून दिले खरे. पण पायांच्या दुखण्यामुळे १९७८-७९ चा संपूर्ण हंगाम तो खेळू शकला नाही आणि नंतर संघ सोडून गेला. इतरत्र पाहावे तर १९८० मध्ये गोल्डन स्टेट संघाने सात फुटी जो बॅरी कॅरल मिळावा म्हणून पॅरिशला, आणि जिच्यातून पुढे केव्हिन मॅकहेल निवडला गेला त्या जागेला, बॉस्टनच्या स्वाधीन केले होते. उलट १९७५ चे अजिंक्यपद याच गोल्डन स्टेटने मिळविले, त्या वेळी संघाचा मुख्य आधार रिक बॅरी हा सेंटर नव्हता. तेव्हा व्याप्ती दोन्ही बाजूंनी सव्यभिचार होती.

३

दुसरा आधार उपमानाचा. न्यायशास्त्रातील प्रसिद्ध उदाहरण गवयाचे आहे. ज्याने गवय पाहिलेला नाही त्याला वनवासी सांगतो, की गवय गायीसारखा असतो. पुढे अरण्यात तसा पशू दिसला की हाच गवय असे तो ओळखतो. उपमानाने साधते ते एवढेच, की नाव आणि वस्तू यांची गाठ पडते. गवय गायीसारखा दिसतो म्हणून तो गोठ्यात राहून दूध देईल, हे उपमानाने सिद्ध होत नाही.

पोर्टलंडच्या मनात वॉल्टनची प्रतिमा ताजी होती. १९७७ चा तो संघ, सेंटरच्या हातून चेंडू चौफेर खेळविणारा, म्हणून नावाजला गेला होता, आणि त्या संघाचे प्रशिक्षक जॅक रॅमसे हेच १९८४ मध्येही प्रशिक्षक होते. बोवी हा उंच असून हाताने चपळ, चेंडू उत्तम पुरविणारा खेळाडू होता. सादृश्य खरे होते. पण वॉल्टनशी असलेले सादृश्य घ्यावयाचे तर ते पुरते घ्यावयास हवे होते. कारण वॉल्टनच्या कथेचा उत्तरार्ध पायांच्या हाडांचा होता, आणि बोवीच्या कथेचा पूर्वार्धही तोच होता.

उपमानाच्या पोटात शब्दार्थाचा आणखी एक प्रश्न दडलेला आहे. 'सेंटर' हा शब्द मुळात एका स्थानाचे नाव आहे. बराच काळ पहिल्या डावापुरतीच नव्हे, तर प्रत्येक गुणानंतर मैदानाच्या मध्यभागी चेंडू उडवून खेळ सुरू होत असे, आणि त्या उडीस उभा राहणारा तो सेंटर. १९३७ मध्ये ही वारंवारची उडी रद्द झाली. स्थान बदलले, नाव राहिले, आणि हळूहळू ते स्थानाचे नाव न राहता एका जातीच्या माणसाचे नाव झाले. एकदा नावाने जाती ठरली, की 'कोणता माणूस घ्यावा' या प्रश्नाच्या जागी 'कोणती जागा रिकामी आहे' हा प्रश्न येऊन बसतो. पोर्टलंडकडे जॉर्डनच्या स्थानी जिम पॅक्सन होता आणि आदल्या वर्षी निवडलेला क्लाइड ड्रेक्सलर होता. ती जागा भरलेली होती. सेंटरची रिकामी होती. म्हणून बोवी.

हा दोष एकट्या पोर्टलंडचा होता असे समजणे अन्यायाचे होईल. ज्या शिकागोला जॉर्डन लाभला, तेथील व्यवस्थापक रॉड थॉर्न यांनी निवडीनंतर, जॉर्डन सात फुटी असता तर बरे झाले असते, परंतु सेंटर कोणी उरला नव्हता, अशा आशयाची खंत उघडपणे व्यक्त केली होती. याउलट ह्यूस्टनकडे आदल्याच वर्षी निवडलेला सात फूट चार इंचांचा रॅल्फ सॅम्पसन होता. 'जागा भरलेली आहे' हा निकष लावला असता, तर ओलाजुवॉन घेण्याचे त्यांना कारण नव्हते. त्यांनी घेतला, दोघांनी मिळून १९८६ मध्ये संघाला अंतिम फेरीत नेले, आणि सॅम्पसन गेल्यावर ओलाजुवॉनच्या नेतृत्वाखाली १९९४ व १९९५ ची अजिंक्यपदे आली. ह्यूस्टनने उंचीवर विश्वास ठेवला नाही असे नव्हे. त्यांनी स्थानाच्या नावापेक्षा माणूस अधिक पाहिला, एवढाच भेद. योगायोग असा, की त्या माणसाचे नावही तेव्हा 'अकीम' असे लिहिले जात होते. 'हकीम' हे रूप लोकांनी वापरावे अशी विनंती त्याला १९९१ मध्ये करावी लागली.

४

तिसरे प्रमाण प्रत्यक्षाचे. बोवीची गुणवत्ता काल्पनिक नव्हती. १९८० च्या ऑलिंपिकसाठी निवडलेल्या अमेरिकन संघात त्याचा समावेश होता. मॉस्कोच्या बहिष्कारामुळे तो संघ स्पर्धेस गेला नाही. त्यानंतर डाव्या नडगीच्या हाडास ताणामुळे पडलेली चीर भरून न आल्याने १९८१-८२ आणि १९८२-८३ हे दोन्ही हंगाम त्याला मुकावे लागले. १९८३-८४ मध्ये तो परतला आणि सामन्यामागे सरासरी १०.५ गुण व फळीवरून उसळलेले ९.२ चेंडू अशी त्याची कामगिरी झाली. त्याच हंगामात जॉर्डनला देशातील सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूचे सन्मान मिळाले होते. प्रत्यक्षाचा कौल कोणत्या बाजूस होता हे यावरून उघड आहे.

मग प्रत्यक्ष मागे का पडले? कारण उंची हीदेखील प्रत्यक्षच वाटते, आणि ती इतर सर्व प्रत्यक्षांहून स्थिर वाटते. गुणांची सरासरी चढते-उतरते. सात फूट एक इंच ही संख्या हलत नाही. 'उंची शिकविता येत नाही' या अर्थाचे वचन त्या क्षेत्रात रूढ आहे. ते खरे आहे. पण शिकविता न येणारी गोष्ट म्हणजे पुरेशी गोष्ट नव्हे. शिवाय ही संख्यादेखील वाटते तितकी निर्मळ नसते. जोडे घालून मोजलेली उंची व अनवाणी मोजलेली उंची यांची सरमिसळ इतकी झाली, की अखेर २०१९ मध्ये व्यावसायिक संघटनेने प्रत्येक खेळाडूची अनवाणी उंची प्रमाणित करण्याचा दंडक घातला.

५

आता चौथे, आणि या प्रकरणात सर्वांत नाजूक असे शब्दप्रमाण. नडगीच्या इतिहासाकडे पोर्टलंडने डोळेझाक केली, असा जो समज आहे तो निराधार आहे. त्यांनी बोवीस बोलावून घेतले आणि त्याची प्रदीर्घ वैद्यकीय तपासणी करविली. ती सात तास चालल्याचे बोवीने सांगितले आहे. तपासणीअंती त्याला खेळण्यास योग्य ठरविण्यात आले. २०१२ मध्ये त्याच्यावर निघालेल्या माहितीपटात बोवीने स्वतःच सांगितले, की डॉक्टर लहान हातोडीने डाव्या नडगीवर ठोकीत आणि विचारीत, तेव्हा आपण काही जाणवत नाही असे उत्तर देत होतो. प्रत्यक्षात दुखत होते. हे खोटे असेल आणि चुकीचे असेल, तरी आप्तांच्या गरजा समोर असताना कोणीही तेच केले असते, असाही त्याच्या कथनाचा आशय होता.

आप्तवाक्य हे प्रमाण, असे शास्त्र म्हणते. आणि आप्त म्हणजे ज्याला यथार्थ ठाऊक आहे व जो यथार्थच सांगतो तो. वेदनेविषयी रोग्याहून अधिक जाणणारा दुसरा कोणी नाही. आप्तत्वाची पहिली अट बोवी पूर्ण करीत होता. पण ज्याचे उभे आयुष्य एका उत्तरावर टांगलेले आहे, त्याच्याकडून दुसऱ्या अटीची अपेक्षा करणे हा विचारणाऱ्याचा भोळेपणा होय. तपासणीची रचनाच अशी होती, की खरे बोलणाऱ्याचे नुकसान व्हावे. म्हणून या प्रसंगाचा दोष त्या तेवीस वर्षांच्या तरुणाच्या पदरी सगळाच टाकता येत नाही. २०२३ च्या खेळाडू-संघ करारानंतर पूर्वचाचणीस पाचारण झालेल्या उमेदवारांना वैद्यकीय तपासणी बंधनकारक झाली आहे. परंतु 'दुखते का?' या प्रश्नाचे उत्तर देणारा अद्यापि तोच एक आहे.

शिवाय या खुलाशाने सर्व उलगडा होतो असेही नाही. पहिल्या हंगामात बोवी ७६ सामने खेळला आणि नवोदितांच्या सन्मानसंघात निवडला गेला. दुसऱ्यात तो ३८ सामने खेळला. तिसऱ्या हंगामात पाचव्या सामन्यात मोडली ती उजवी नडगी होती. हातोडी पडली होती ती डावीवर. दडविलेली वेदना आणि झालेली हानी यांची सांगड म्हणूनच सरळ घालता येत नाही. १९८९ मध्ये पोर्टलंडने त्याला न्यू जर्सीकडे देऊन बक विल्यम्स हा खेळाडू मिळविला, आणि विल्यम्ससह तो संघ १९९० व १९९२ मध्ये अंतिम फेरीस पोहोचला. १९९२ मध्ये त्यांचा पराभव केला तो जॉर्डनच्या शिकागोने. बोवी पुढे १९९५ पर्यंत खेळला. एकंदर दहा हंगाम, ५११ सामने आणि सरासरी १०.९ गुण. पायांची हाडे वारंवार मोडूनही दहा हंगाम व्यावसायिक खेळात टिकणे ही सामान्य कामगिरी नव्हे. असे असता त्याचे विशेषनाम चुकीच्या निवडीचे सामान्यनाम होऊन बसले आहे. भाषेत असे होते. परंतु त्या रूढीमागे एका माणसावर अन्याय आहे, हे नमूद करणे आवश्यक वाटते.

६

१९८४ नंतरचा इतिहास एखादा सोपा धडा पुरवितो काय? २००७ मध्ये पोर्टलंडने पुन्हा पहिल्या क्रमांकाने सात फुटी ग्रेग ओडन घेतला आणि दुसऱ्या क्रमांकाने केव्हिन ड्युरांट सिॲटलकडे गेला. गुडघ्याच्या शस्त्रक्रियांमुळे ओडन पोर्टलंडकडून अवघे ८२ सामने खेळला. यावरून 'उंच व दुखापतग्रस्त खेळाडू टाळावा' असा नियम कोणी काढील, तर २०१४ चे उदाहरण आड येते. पावलाचे हाड मोडलेला सात फुटी जोएल एम्बीड फिलाडेल्फियाने तिसऱ्या क्रमांकाने घेतला. पहिले दोन हंगाम तो मैदानात उतरलाच नाही, आणि २०२३ मध्ये तोच संघटनेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. उलट नियमही तितकाच सव्यभिचार आहे. आपल्याकडे २०१५ मध्ये पंजाबच्या सात फूट दोन इंच उंचीच्या सतनाम सिंग याची डॅलसने ५२ व्या क्रमांकाने निवड केली. भारतात जन्मून ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला तो पहिला खेळाडू. पण मुख्य स्पर्धेत त्याला एकही सामना खेळावयास मिळाला नाही. त्याच्या उंचीची चर्चा आपण जितकी केली, तितकी त्याच्या पूर्वतयारीची केली नाही.

तात्पर्य, पोर्टलंडचा निर्णय अविचाराचा नव्हता. त्यामागे इतिहास होता, सादृश्य होते, मोजमाप होते आणि वैद्यकीय साक्षही होती. उणीव होती ती वेगळ्या जागी. व्याप्ती उलटी वाचली गेली, तिच्या उपाधी तपासल्या गेल्या नाहीत, सादृश्य अर्धेच घेतले गेले, आणि जो खरे सांगू शकत नव्हता त्याच्या शब्दाला प्रमाण मानले गेले. या चारांपैकी एकही उणीव जॉर्डन पुढे काय झाला हे ठाऊक असण्यावर अवलंबून नाही. त्या १८ जून १९८४ च्या रात्रीही दाखविता आल्या असत्या. विद्यापीठांतील निवडसमित्या, परीक्षक आणि प्रवेशाचे निकष ठरविणारे आपण सर्वजण याच चार साधनांनी तरुण माणसांचे भविष्य ठरवीत असतो. मोजता येते ते प्रमाण आणि पटविते ते प्रमाण यांत अंतर आहे, याचे भान त्या कामी सुटू नये, एवढ्यासाठी हे प्रकरण अभ्यसनीय आहे.